अपिलाची मुदत चुकली तर?

भाताची लावणी वेळेवर झाली नाही तर पीक हातचे जाते, हे ठाणे जिल्ह्यातील कोणाही शेतकऱ्यास सांगावयास नको. राब भाजणे, रोपे टाकणे, चिखलणी, लावणी या प्रत्येक कामाचा दिवस त्याच्या मनात पक्का असतो. जमिनीच्या निकालाविरुद्ध दाद मागण्यासही असाच हंगाम असतो. त्यास कायद्याच्या भाषेत मुदत म्हणतात. हा हंगाम चुकल्यामुळे, बाजू खरी असूनही, जमीन गमावणारे शेतकरी थोडे नाहीत. तथापि मुदत उलटली म्हणजे सर्व संपले असेही नाही. उशीर का झाला हे सांगून तो माफ करून घेण्याची सोय कायद्याने ठेवलेली आहे. ही सोय कोणती, ती कोठे मिळते, कोठे मिळत नाही आणि तिचा उपयोग कसा करावा, हे प्रत्येक खातेदाराने व ग्रामसेवकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

या भागात ही माहिती विशेष का हवी

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा उल्हास नदीच्या खोऱ्यातील पट्टा मूळचा भातशेतीचा. उल्हासनगर ज्या जागेवर वसले, तेथे दुसऱ्या महायुद्धात लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित बांधवांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ व बदलापूर येथे कारखाने आले, पाठोपाठ इमारती आल्या. आता वडोदरा–मुंबई द्रुतगती महामार्गासाठीही अंबरनाथ तालुक्यातील जमिनी संपादित झाल्या आहेत. अशा रीतीने ज्या खाचरात एकेकाळी केवळ भात पिकत असे, त्याची किंमत अनेक पटींनी वाढली. किंमत वाढली की वारसांचे, वाटपाचे, कुळकायद्याचे, फेरफाराचे व मोबदल्याचे तंटे वाढतात, आणि तंटे वाढले की निकाल व अपिलेही वाढतात.

दुसरे असे की, येथील कुटुंबे विखुरलेली आहेत. एक भाऊ गावी शेती करतो, दुसरा मुंबईस नोकरीला असतो, बहीण लग्न होऊन कर्जत वा मुरबाडकडे गेलेली असते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडी परततात. नोटीस जुन्या पत्त्यावर येते आणि घर बंद असते. निकाल झाल्याचे कळते ते पुष्कळदा कोणी नवा मालक मोजणीस आला म्हणजे. विलंबमाफीचा प्रश्न उद्भवतो तो असाच.

मुदत कशासाठी असते

मुदत ही केवळ कचेरीची अडवणूक आहे असे पुष्कळांना वाटते. परंतु समोरच्या माणसाचाही विचार करावयास हवा. ज्याच्या बाजूने निकाल लागला, त्याने किती वर्षे धाकात राहावे? त्याने विहीर खणावी की नाही, बांध घालावा की नाही? तंट्याला कोठेतरी शेवट असावा म्हणून कायद्याने दिवस ठरवून दिले आहेत. १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे, समोरच्या पक्षाने हरकत घेतली नाही तरीही, मुदतीबाहेरचे अपील फेटाळणे न्यायालयावर बंधनकारक असते. म्हणून ‘कोण विचारतो’ या भरवशावर राहू नये.

काळ गेल्याने आणखीही एक नुकसान होते. कागद गहाळ होतात, साक्षीदार जग सोडून जातात. याच परिसरातील नेवाळी येथील उदाहरण पाहावे. तेथील जमिनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानतळासाठी घेतल्या गेल्या. त्या परत मिळाव्यात अशी शेतकऱ्यांची मागणी पाऊणशे वर्षांनंतरही चालूच होती, आणि २२ जून २०१७ रोजी त्या आंदोलनास हिंसक वळण लागले. त्या प्रश्नाच्या बाजू अनेक आहेत. परंतु हक्काची गोष्ट जितकी जुनी होते, तितकी ती न्यायासनापुढे मांडणे अवघड होते, एवढा बोध तरी प्रत्येकाने घ्यावा.

कोणत्या अपिलास किती दिवस

सर्वसाधारण शेतकऱ्याचा संबंध प्रथम महसुली कचेरीशी येतो. फेरफाराच्या नोंदीवर हरकत आली तर मंडळ अधिकारी वा तहसीलदार निर्णय देतात. त्यावर उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, यांच्याकडे अपील करता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५० प्रमाणे, जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने दिलेल्या निर्णयाविरुद्ध अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. इतर बाबतीत, उदाहरणार्थ निर्णय स्वतः जिल्हाधिकाऱ्यांचा असेल तर, ती ९० दिवसांची आहे. हे दिवस निर्णय अपील करणाऱ्यास मिळाल्याच्या तारखेपासून मोजावयाचे असतात.

कुळकायद्याच्या प्रकरणांत, म्हणजे १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाखाली, अपिलाची मुदत कलम ७९ प्रमाणे ६० दिवसांची आहे. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा असेल तर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील दाखल झाले पाहिजे. महसुली कामाची सवय असलेला शेतकरी दिवाणी अपिलासही साठ दिवस आहेत असे समजून चालतो आणि फसतो. म्हणून निकाल कोणत्या कचेरीचा व कोणत्या कायद्याखालचा आहे, हे प्रथम पाहावे.

दिवस कसे मोजावेत

निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ मुदतीतून वगळला जातो. तसेच मुदतीचा शेवटचा दिवस सुटीचा आला तर कचेरी उघडेल त्या दिवशी केलेले अपील मुदतीत धरतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, वांगणीकडील एका शेतकऱ्यास तहसीलदारांचा निर्णय १ जून रोजी मिळाला. तो दिवस सोडून साठ दिवस मोजले तर मुदत ३१ जुलै रोजी संपते. त्याने १० जून रोजी नकलेसाठी अर्ज केला व २० जून रोजी नक्कल तयार झाली. हे दोन्ही दिवस धरून अकरा दिवस वगळले जातात, म्हणजे मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढते. त्याने अपील २५ सप्टेंबर रोजी आणले तर विलंब ४५ दिवसांचा होतो. अर्जात हाच आकडा लिहावयास हवा. पुष्कळ अर्जांत ‘थोडासा विलंब’ असे मोघम लिहिलेले असते. ज्याने स्वतःचे दिवस मोजले नाहीत, त्याच्या कारणावर अधिकाऱ्याचा विश्वास बसणे कठीण.

नकलेचा अर्ज केला नाही तर वगळावयास काळच राहत नाही. नकलेवर अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख व दिल्याची तारीख लिहिलेली असते. त्या तीन तारखा जपून ठेवाव्यात.

विलंबमाफीचा अर्ज

दिवाणी अपिलास मुदत अधिनियमाचे कलम ५ आणि महसुली अपिलास महसूल संहितेचे कलम २५१ लागू होते. दोहोंचा आशय एकच आहे: मुदतीत अपील न करण्यास पुरेसे कारण होते अशी खात्री पटली, तर मुदतीनंतरही अपील दाखल करून घेता येते. मात्र ही सवलत अपिलास व अर्जास आहे. मूळ दाव्यास कलम ५ लागू होत नाही, हे लक्षात ठेवावे.

हा अर्ज अपिलाबरोबरच द्यावा. दिवाणी अपिलात तो प्रतिज्ञापत्रासह देणे आवश्यक आहे. अर्जात पुढील पाच गोष्टी असाव्यात:

१. निर्णयाची तारीख आणि तो आपणांस कळल्याची व मिळाल्याची तारीख.

२. मुदत संपल्याची तारीख व एकूण विलंबाचे दिवस.

३. विलंबाचे कारण, तारखांच्या क्रमाने. कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत काय अडचण होती, हे स्पष्ट यावे.

४. प्रत्येक कारणाचा कागद: रुग्णालयाचे कार्ड, पंचनाम्याची नक्कल, टपालाचा लिफाफा, मृत्यूचा दाखला, जे असेल ते.

५. विलंब माफ न झाल्यास आपले कोणते नुकसान होईल, आणि अपिलात विचार करण्याजोगा मुद्दा कोणता आहे.

अर्ज दिला म्हणजे काम झाले असे नाही. समोरच्या पक्षास नोटीस जाते, त्याचे म्हणणे ऐकले जाते आणि मग निर्णय होतो. या मधल्या काळात एक मोठा धोका असतो. दिवाणी अपील मुदतीबाहेर असेल, तर ते ऐकावयाचे असे न्यायालयाने ठरवीपर्यंत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीस स्थगिती मिळत नाही. तेवढ्या काळात कब्जा जाऊ शकतो, जमिनीची विक्रीही होऊ शकते. मुदतीत आलेल्या माणसास हा धोका पुष्कळ कमी असतो. विलंबाची खरी किंमत येथे मोजावी लागते.

पुरेसे कारण कशास म्हणावे

कायद्याने पुरेशा कारणांची यादी दिलेली नाही. न्यायालयांनी वेळोवेळी दिलेल्या निर्णयांतून काही धडे मात्र मिळतात.

१९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुदतीच्या आतील दिवस का घालविले याचा जाब द्यावा लागत नाही. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्याचा हक्क प्रत्येकास आहे. खुलासा द्यावयाचा तो शेवटच्या दिवसापासून पुढच्या काळाचा. म्हणून पंचावन्नाव्या दिवशी आजारी पडलेल्या माणसाने आधीच्या चोपन्न दिवसांची चिंता करू नये. मात्र त्यापुढील प्रत्येक दिवसाचा हिशेब द्यावा.

१९८७ साली अनंतनाग येथील भूसंपादनाच्या प्रकरणात सरकारच्या अपिलास अवघ्या चार दिवसांचा उशीर झाला होता. खालच्या न्यायालयाने ते फेटाळले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने विलंब माफ केला. मुद्दाम उशीर करून कोणाचा फायदा होत नसतो, आणि तांत्रिक बाबीपेक्षा खरा न्याय मोठा मानावा, अशी दृष्टी त्या निर्णयात घेतलेली आहे. १९९८ साली दुसऱ्या एका प्रकरणात ८८३ दिवसांचा विलंबही माफ झाला. दिवस किती याहून कारण पटण्याजोगे आहे की नाही हे महत्त्वाचे, असे न्यायालयाने म्हटले. उशिरामुळे समोरच्या पक्षास झालेल्या खर्चाची भरपाई द्यावी, असाही आदेश अशा वेळी होऊ शकतो.

याउलट २०१२ साली टपाल खात्याच्या अपिलास ४२७ दिवसांचा उशीर झाला. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, एवढेच कारण होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि मुदतीचा कायदा सरकारलाही बांधील धरतो असे बजावले. सरकारी खात्याची ही गत, तर ‘कामात होतो, विसरलो’ एवढे म्हणणाऱ्या खातेदाराने फार आशा धरू नये.

गंभीर आजार, घरातील मृत्यू, नोटीस न मिळणे, सद्भावनेने चुकीच्या कचेरीत दाद मागण्यात गेलेला काळ ही कारणे कागदाने सिद्ध झाल्यास सामान्यतः ऐकली जातात. निष्काळजीपणा, खोटे कारण, आणि निकाल माहीत असून स्वस्थ बसणे यांस माफी नाही. कोणाच्या सांगण्यावरून खोटा वैद्यकीय दाखला जोडू नये. प्रतिज्ञापत्रावर खोटे लिहिणे हा गुन्हा आहे, आणि एक खोटे उघडकीस आले की खऱ्या बाजूवरचाही विश्वास उडतो.

पूर आणि साथ

या भागातील एक कारण सर्वांच्या अनुभवाचे आहे. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीस महापूर आला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा वेळी कचेरीस जाणे तर दूरच, घरातील कागदही भिजून नष्ट होतात. ज्याच्या घरात पाणी शिरले, त्याने धान्य, जनावरे व भांडी यांबरोबर भिजलेल्या दस्तांची नोंदही पंचनाम्यात करून घ्यावी. पुढे विलंबमाफीच्या अर्जास तोच पंचनामा उपयोगी पडतो.

कोरोनाच्या साथीत तर सर्व देशाचीच मुदत थांबविण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. ज्यांची मुदत त्या काळात संपत होती, त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळाले. हा आदेश ठरावीक काळापुरताच होता. तथापि त्या काळातील जुन्या निकालाविरुद्ध आता कोणी अर्ज करीत असेल, तर विलंबाचे दिवस मोजताना त्याने हा काळ विसरू नये.

जेथे माफी नाही, किंवा फार थोडी आहे

हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण द्रुतगती महामार्गाच्या भागातील शेतकऱ्यांचा याच्याशी निकटचा संबंध आहे.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली ठरलेला मोबदला मान्य नसेल तर लवादाकडे जावे लागते. लवादाचा निवाडाही मान्य नसेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज १९९६ च्या लवाद अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे तीन महिन्यांत करावा लागतो. पुरेसे कारण दाखविल्यास आणखी ३० दिवस मिळतात, त्यापुढे एकही दिवस नाही. कलम ५ ची सवलत येथे चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच ठरविले आहे. एकतिसाव्या दिवशी आलेल्या माणसाचे कारण कितीही खरे असले, तरी न्यायालयाचे हात बांधलेले असतात.

१ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या भूसंपादन कायद्यात मोबदला वाढवून मागण्याचा अर्ज, निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याने सहा आठवड्यांत करावयाचा असतो. इतरांना नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल तेवढी मुदत असते. पुरेसे कारण असल्यास जिल्हाधिकारी त्यानंतर एक वर्षापर्यंतच अर्ज घेऊ शकतात.

शेजाऱ्यास न्यायालयातून वाढीव मोबदला मिळाला म्हणून आपणांसही तो मिळावा, असा अर्ज १८९४ च्या जुन्या कायद्याखाली न्यायालयाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांत करावा लागे. महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरविले की, हे तीन महिने निवाड्याच्या तारखेपासूनच मोजावयाचे. ‘मला उशिरा कळले’ ही सबब त्यात चालत नाही. नव्या कायद्यातही या अर्जास तीन महिन्यांचीच मुदत आहे. म्हणून एकाच अधिसूचनेत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या सर्वांनी एकमेकांच्या खटल्यांची खबर ठेवणे हिताचे आहे.

ग्रामसेवकांनी काय करावे

कायदा सांगणे हे वकिलाचे काम आहे; परंतु वेळेवर जागे करणे हे गावातील कार्यकर्त्याचे काम आहे. ग्रामसेवक, ज्यांस आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आणि तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी हे नाव मिळाले आहे, यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

फेरफाराची नोटीस चावडीवर लागली की ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही अशा नोटिसा पाहता येतात. ज्या तरुणांजवळ मोबाइल आहे त्यांना ते दाखवून द्यावे. बाहेरगावी राहणाऱ्या खातेदारांचे व लग्न झालेल्या बहिणींचे चालू पत्ते कचेरीत नोंदविण्यास सांगावे. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी कोणती भट्टी, कोणता तालुका, हे गावी कोणास तरी सांगून जावे असा आग्रह धरावा. निकालाचे टपाल आले की लिफाफा फाडून टाकू नये, त्यावरील शिक्क्याची तारीख हाच पुरावा असतो, हे प्रत्येकाच्या मनावर बिंबवावे.

वकील लावण्याची ऐपत नाही म्हणून कोणी मुदत घालवू नये. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींचे लोक, अपंग, पूर वा अन्य आपत्तीत सापडलेले आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्नाचे लोक यांना वकिलाची मदत मोफत मिळते. ठाणे येथे जिल्हा विधि सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते.

ध्यानात ठेवावे असे

निकाल हाती आला त्याच दिवशी तारीख लिहून ठेवावी. त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज करावा. मुदत कोणत्या दिवशी संपते ते वकिलास वा कचेरीत विचारून घरातील दिनदर्शिकेवर खूण करावी. अडचण आलीच तर तिचा कागद त्याच वेळी घ्यावा, आणि अडचण सरताच एकही दिवस न दवडता अर्ज द्यावा. विलंबमाफी ही कायद्याने दिलेली सवलत आहे. खऱ्या अडचणीत सापडलेल्या माणसाने ती मागण्यास संकोच करू नये, आणि तिच्या भरवशावर कोणी मुदत घालवूही नये. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन चार दिवसांच्या आळसापायी जाऊ नये, एवढी दक्षता घेणे प्रत्येक खातेदाराच्या हाती आहे.